बेंबीच्या देठापाशी

एखादा माणूस जिवाच्या आकांताने ओरडला, की तो बेंबीच्या देठापासून ओरडला असे आपण म्हणतो. हा देठ शरीरात खरोखरच असतो, हे मला ऑस्टिओपॅथीच्या, म्हणजे हातांनी शरीर तपासून हातांनीच उपचार करण्याच्या पद्धतीच्या, वर्गात उमगले, तेव्हा फिजिओथेरपीचा व्यवसाय सुरू करून मला अकरा वर्षे झाली होती. गर्भात असताना नाळेतून येणारे रक्त ज्या शिरेने यकृताकडे जाते, ती शीर जन्मानंतर बंद पडते, आटते आणि तिच्या जागी एक बारीक दोर उरतो. बेंबीपासून निघालेला हा दोर पोटाच्या पुढच्या भिंतीला आतून लागून असलेल्या, विळ्याच्या आकाराच्या एका पातळ पडद्याच्या कडेने वर चढतो आणि यकृतापाशी पोचतो. पदवीच्या अभ्यासात मी त्याचे लॅटिन नाव पाठ केले होते, आकृती काढून गुणही मिळवले होते. पण सरावासाठी मी स्वतः टेबलावर आडवी असताना आमच्या शिक्षकांनी माझ्या बेंबीच्या वर दोन बोटे टेकवली आणि हा दोर आता कुठून कुठे जातो आहे ते शांतपणे सांगितले, तेव्हा पोट म्हणजे आतडी भरलेली एक पिशवी, ही माझ्या मनातली जुनी समजूत कायमची गेली.

त्या वर्गात मी अवयवांवर हाताने उपचार करण्याची जी पद्धत शिकत होते, तिला व्हिसरल मॅनिप्युलेशन असे रूढ नाव आहे. मॅनिप्युलेशन हा शब्द मला कधीच रुचला नाही, कारण तो ऐकल्यावर मान किंवा कंबर कडकन मोडणारा हात डोळ्यांसमोर येतो आणि या कामात तसे काहीही नसते. मूळ कल्पना साधी आहे. पोटातील आणि छातीतील अवयव आपापल्या जागी खिळून बसलेले नाहीत; ते पडद्यांनी, बंधांनी आणि घड्यांनी एकमेकांना, पाठीमागच्या भिंतीला आणि छाती व पोट यांच्यामधल्या श्वासपटलाला जोडलेले आहेत आणि एकमेकांवरून सतत घसरत असतात. उदरपोकळीच्या गुळगुळीत अस्तरातून स्रवणारा थोडासा द्रव, निरोगी माणसात काही चमचे भरेल एवढाच, ही घसरण विनासायास चालू ठेवतो. दाह, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया किंवा अपघात यांमुळे ती कुठे अडली, तर त्या जागेचा ताण दूरवर जाणवू शकतो आणि हलक्या, नेमक्या हाताने ती मोकळीक परत मिळवता येते, असे ही पद्धत सांगते. अवयव हलतात, हे शरीरशास्त्र आहे. हाताने ती मोकळीक परत मिळवता येते, हा दावा आहे, आणि या दोहोंमधल्या अंतरात मी गेली कित्येक वर्षे काम करते आहे.

शांत बसलेला माणूस मिनिटाला चौदा वेळा श्वास घेतो असे धरले, तर दिवसाचे २०,००० हून अधिक श्वास होतात. प्रत्येक श्वासाला श्वासपटल खाली येते, त्याच्याबरोबर यकृत, जठर आणि प्लीहा खाली सरकतात, आणि मूत्रपिंडे कंबरेच्या सोअस नावाच्या खोल स्नायूच्या उतारावरून खाली जाऊन परत वर येतात. जाऊन-येऊन अवघे तीन सेंटिमीटर धरले, तरी एका दिवसात हा प्रवास सहाशे मीटरच्या घरात जातो. हे गणित फळ्यावर मांडले गेले तेव्हा मी माझ्या वहीत ते पुन्हा करून पाहिले होते. सांधा आखडला की माणूस लंगडतो, हे मला ठाऊक होते. दिवसाला वीस हजार वेळा हलणारी गोष्ट कुठेतरी अडकत असेल, तर भोवतालच्या ऊतींना त्याचा पत्ताच लागणार नाही, हे मानणे मला त्यानंतर जड जाऊ लागले.

ऑस्टिओपॅथीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल हे अमेरिकेतील डॉक्टर होते. १८६४ साली मेंदूच्या आवरणाच्या दाहाने त्यांची तीन मुले दगावली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्यांनी आपली नवी पद्धत जाहीर केली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे पहिले विद्यालय काढले. त्यांच्या सिद्धांतांतले बरेचसे आज टिकणारे नाही, पण औषधाच्या नावाखाली पारा देण्याच्या त्या काळात, आधी रुग्णाचे शरीर हाताने नीट समजून घ्या, असा आग्रह धरणाऱ्या त्या दुःखी बापाविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यांचे लक्ष मुख्यतः हाडांवर आणि रक्ताभिसरणावर होते. अवयवांना हात घालणारे लोक वेगळे होते. स्वीडनमध्ये थुरे ब्रांट यांनी एकोणिसाव्या शतकात ओटीपोटाच्या अवयवांसाठी हस्तोपचार विकसित केले होते, आणि फ्रान्समधील फ्रान्झ ग्लेनार या डॉक्टरांनी १८८५ मध्ये अवयव खाली उतरण्याचा विकार मांडून त्यावर पोटाचे पट्टे सुचवले होते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आमच्या वर्गांत ती फारशी सांगितली जात नाही. ग्लेनार यांच्या काळात अवयव जागेवरून सरकले आहेत या कल्पनेने वैद्यकाला इतके झपाटले, की थकवा, अपचन, निराशा अशा कशाही तक्रारीसाठी सैल मूत्रपिंड शोधून ते शस्त्रक्रियेने टाक्यांनी बांधून टाकले जाऊ लागले. पुढे लक्षात आले, की उभे राहिल्यावर निरोगी माणसांचेही अवयव बरेच खाली येतात आणि त्यांना काहीही होत नाही. ती शस्त्रक्रिया मागे पडली, पण तोवर अनेक बायकांच्या पोटावर तिचे व्रण उमटले होते. हाताखाली एखादा अवयव मला खाली आल्यासारखा वाटतो, तेव्हा मी त्या बायकांची आठवण ठेवते.

आज शिकवली जाणारी पद्धत मुख्यतः झाँ-पिएर बराल या फ्रेंच ऑस्टिओपॅथची आहे. ते मूळचे फिजिओथेरपिस्ट; ग्रेनोबल येथे फुप्फुसांच्या रुग्णांबरोबर काम करताना आणि शवविच्छेदनांत आतल्या ऊतींवरील ताणांच्या रेषा पाहताना त्यांची दृष्टी घडत गेली. पिएर मर्सिए यांच्यासह त्यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली. अवयवाच्या हालचालीचे त्यांनी दोन प्रकार केले. श्वास, चालणे, वाकणे यांमुळे अवयव जो हलतो ती एक, आणि श्वासाशी संबंध नसलेली, अवयवाची स्वतःची, मिनिटाला सात-आठ वेळा होणारी अतिसूक्ष्म लय ही दुसरी. पहिली हालचाल सोनोग्राफीच्या पडद्यावर कुणालाही दिसते. दुसरी फक्त हाताला जाणवते, असे मला शिकवले गेले.

पोटाला हात लावणे ही सोपी गोष्ट नाही. गुडघा तपासायला दिला तर माणूस गप्पा मारत राहतो. पोटावर हात आला की गप्पा थांबतात. आपल्या भाषेत भीतीने पोटात गोळा येतो, दुसऱ्याचे दुःख पाहून आतडे पिळवटते, चुका पोटात घातल्या जातात, आणि मनातली गोष्ट पोटातून ओठांवर यायला वेळ लागतो. एवढे सगळे जिथे साठते, तिथली भिंत परक्या हाताखाली आपोआप कडक होते यात नवल नाही. म्हणून गुडघ्यांखाली उशी द्यायची, हात गरम करायचे, बोटांची टोके न लावता आधी सगळा तळवा ठेवायचा आणि काहीही न करता रुग्णाचे पाच-सहा श्वास जाऊ द्यायचे. एका ठरावीक क्षणी उच्छ्वासाबरोबर भिंत मऊ होते आणि हात न ढकलता अर्धा बोटभर आत जातो. त्या क्षणाची वाट पाहणे हेच या कामातले मुख्य कौशल्य आहे, असे माझे मत आहे, तंत्रे त्यानंतरची. आणि भिंत मऊ होतच नसेल, लाकडासारखी ताठ राहत असेल, तर तिथे अधिक कौशल्य दाखवायचे नसते, रुग्णाला ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवायचे असते.

माझे सर्वांत आवडते तंत्र आतड्यांच्या मुळाचे आहे. लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते, पण ते ज्या पंख्यासारख्या पडद्याने पाठीमागच्या भिंतीला जोडलेले आहे, त्या आंत्रबंधाचे मूळ अवघे पंधरा सेंटिमीटर असते. बेंबीच्या वर डावीकडून निघून ते तिरके खाली उजवीकडे, कमरेच्या हाडाच्या सांध्यापर्यंत येते. झालरीचा घेर मोठा आणि तिची शिवण आखूड असावी, तसे. या पडद्याविषयी वैद्यक दीर्घकाळ चुकत राहिले. १८८५ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक फ्रेडरिक ट्रीव्ह्स यांनी तो तुकड्या-तुकड्यांत असल्याचे सांगितले आणि शंभरहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकांनी तेच छापले. आयर्लंडमधील लिमरिकचे शल्यचिकित्सक कॅल्व्हिन कॉफी यांनी २०१६ मध्ये तो सलग आहे हे ठामपणे मांडले आणि त्याला स्वतंत्र अवयव मानावे असा प्रस्ताव ठेवला. रुग्णाला कुशीवर वळवून, दोन्ही हातांची बोटे या तिरक्या रेषेवर ठेवून, सगळा आतड्यांचा पसारा हळूच वर उजवीकडे उचलून धरला, की कधी कधी रुग्ण न सांगता लांब श्वास सोडतो. तो श्वास मी शेकडो वेळा ऐकला आहे आणि अजूनही दर वेळी मला त्याचे अप्रूप वाटते.

यकृत उचलण्याचे तंत्र त्याहून गाजलेले आहे. रुग्ण टेबलाच्या कडेवर बसतो, मी त्याच्या मागे उभी राहते. तो पोक काढून पुढे माझ्या हातांवर रेलतो, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात, आणि माझी बोटे उजव्या बरगड्यांच्या कडेखालून आत वळतात. बोटांच्या पेरांना आधी आतड्याची मऊ, भुसभुशीत जागा लागते, मग तिच्यावर एक भरीव, गोलसर कड येते. ती कड वर उचलायची, क्षणभर धरायची आणि सोडायची. सोडताना ती जशी खाली येते, त्यावरून वरच्या बंधांची लवचीकता अजमावायची. दीड किलोचा हा अवयव दुसऱ्या माणसाच्या श्वासाबरोबर आपल्या बोटांवर टेकतो आणि उठतो, हा अनुभव मी शब्दांत नीट सांगू शकत नाही. पहिल्यांदा तो आला तेव्हा मला रडू आले होते.

प्रगत वर्गांत हे सगळे अधिक खोल जाते. जठराच्या तोंडाशी, पित्तनलिकेच्या शेवटी, लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर असलेल्या झडपांवर बोट ठेवून वर्तुळाकार ताण सोडवायला शिकवतात. मूत्रपिंडापर्यंत पाठीमागच्या बाजूने, शेवटच्या बरगडीखालच्या जागेतून पोचायला शिकवतात. फुप्फुसांची आणि हृदयाची आवरणे मानेला आणि उरोस्थीला जिथे बांधलेली आहेत ती ठिकाणे शोधायला लावतात. ओटीपोटाच्या अवयवांची काही तंत्रे आतून करायची असतात, आणि त्यांविषयी प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. फ्रान्सने २००२ मध्ये ऑस्टिओपॅथ ही उपाधी कायद्याने मान्य केली, पण २००७ च्या आदेशात अशा आतल्या तपासणीला मनाई केली. अमेरिकेत मात्र ऑस्टिओपॅथिक पदवीधर हा पूर्ण अर्थाने डॉक्टर असतो. मी ती तंत्रे कधीच करत नाही. माझ्या शिक्षणाची आणि परवान्याची हद्द जिथे संपते तिथे माझा हातही थांबायला हवा.

प्रगत शिक्षणाचा गाभा मात्र त्या दुसऱ्या, सूक्ष्म लयीत आहे, असे आमचे शिक्षक मानत. हात जणू पाण्यावर तरंगतो आहे इतका हलका ठेवायचा आणि यकृत स्वतःहून आत वळते की बाहेर, कुठल्या दिशेला अडते, हे ऐकायचे. ऐकायचे, हाच शब्द वापरतात. मी दोन वर्षे रोज सराव केला आणि मला ती लय स्पष्ट जाणवू लागली. मग एका संध्याकाळी आम्ही चौघींनी एक प्रयोग केला. पाचवी मैत्रीण टेबलावर पडली. आम्ही एकेकीने तिच्या यकृतावर दोन मिनिटे हात ठेवला, बाकीच्या खोलीबाहेर थांबल्या, आणि जे जाणवले ते प्रत्येकीने एका चिठ्ठीवर लिहून घडी घातली. हालचाल कुठल्या दिशेला मोकळी, कुठल्या दिशेला अडलेली, लय मंद की नेहमीची, एवढेच तीन प्रश्न होते. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा दोघींच्या मते यकृत बाहेरच्या दिशेला अडलेले होते, एकीच्या मते नेमके उलट, आणि चौथीला हालचाल जवळपास थांबलेली वाटली होती. आम्ही पुन्हा एकदा क्रम बदलून केले. या खेपेस माझी दुसरी चिठ्ठी माझ्याच पहिल्या चिठ्ठीशी जुळेना.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला जे जाणवले होते ते खोटे नव्हते. मी काही बनाव केला नव्हता. पण जाणवणारी गोष्ट त्या मैत्रिणीच्या यकृतात होती, की माझ्या बोटांतल्या नाडीत, माझ्या स्नायूंच्या थरथरीत आणि जाणवावे या माझ्या तीव्र इच्छेत होती, हे सांगण्याचा माझ्यापाशी काही मार्ग नव्हता. २०१८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी या पद्धतीवरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. एकाच रुग्णावर दोन तपासनिसांचे हात सारखेच निदान करतात याला भरवशाचा पुरावा नाही आणि उपचारांच्या गुणालाही नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे संशोधक ग्रेनोबलचेच होते. आमच्या क्षेत्रातील अनेकांना तो लेख अन्यायकारक वाटला. मला तो वाचताना आमच्या चिठ्ठ्या आठवल्या.

पुरावा सगळा एका बाजूचा आहे असेही नाही, आणि मी तो लपवणार नाही. २०१२ च्या एका प्रयोगात शस्त्रक्रियेनंतर लगेच पोटाला हलके हस्तोपचार मिळालेल्या उंदरांच्या पोटात अवयव एकमेकांना चिकटण्याचे प्रमाण कमी आढळले. ताज्या टाक्यांवर माणसात तसे करणे अर्थातच शक्य नाही, पण निदान चिकटण्याची प्रक्रिया आणि हालचाल यांचा संबंध आहे, हे त्यातून दिसते. २०१५ मध्ये कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत एका गटाच्या नेहमीच्या फिजिओथेरपीला या तंत्राची जोड दिली, तर दुसऱ्या गटाच्या तशाच फिजिओथेरपीला नुसत्या दिखाऊ स्पर्शाची. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक नव्हता, वर्षानंतर मात्र उपचार घेतलेल्यांचे दुखणे काहीसे कमी होते. मुख्य प्रश्नाचे उत्तर नाही असे आले आणि बाजूच्या एका प्रश्नाचे उत्तर होय असे आले, तर शास्त्राच्या शिस्तीत त्याला यश म्हणत नाहीत. त्यातून पुढचा अभ्यास करण्याचे कारण मिळते, जाहिरात करण्याचे मिळत नाही.

चिठ्ठ्यांनी जे सांगितले ते मी आधीच शिकायला हवे होते, कारण त्याच्या वर्षभर आधी माझ्या हातून एक चूक झाली होती. पन्नाशीचे एक गृहस्थ उजव्या खांद्याच्या पात्याखाली दुखते म्हणून माझ्याकडे आले. खांद्याची हालचाल चांगली होती, क्ष-किरण चित्र ठीक होते. श्वासपटलाला जाणारी नस मानेतून, मज्जारज्जूच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघते आणि खांद्याच्या त्वचेची संवेदनाही तिथेच पोचते, म्हणून यकृताच्या आणि पित्ताशयाच्या भागातील त्रास खांद्याकडे जाणवू शकतो, हे मी नुकतेच शिकले होते. मी त्यांच्या उजव्या बरगड्यांखाली हात ठेवला. तिथे घट्टपणा लागला आणि मला आनंद झाला, कारण वर्गात शिकलेले डोळ्यांसमोर खरे होत होते. तीन आठवडे मी त्यांचे यकृत उचलले. दर उपचारानंतर चार-पाच दिवस त्यांना बरे वाटे, मग जड जेवणानंतर पुन्हा दुखे, आणि बरे वाटण्याचे श्रेय माझे हात घेत. चौथ्या आठवड्यात एका रात्री त्यांना ताप आणि उलट्या सुरू झाल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आणि भिंतीला दाह दिसला. शस्त्रक्रिया वेळेवर झाली आणि ते बरे झाले.

पित्ताचे खडे असेच वागतात. दुखते, थांबते, पुन्हा दुखते. मधली उसंत आजाराची होती आणि मी ती माझी मानली. काही महिन्यांनी ते आणि त्यांच्या पत्नी भेटायला आले. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, बाईंनी फक्त विचारले, "मॅडम, तुमच्या हाताला तेव्हा काहीच लागलं नव्हतं का हो?" लागले होते. हात चुकला नव्हता, हाताला लागलेल्या गोष्टीला मी नाव चुकीचे दिले होते, आणि ते नाव देताना जेवणानंतर दुखण्याविषयी आणखी दोन प्रश्न विचारण्याची तसदी घेतली नव्हती. मी त्यांना तसे सांगितले. त्या मान डोलावून गप्प राहिल्या.

तेव्हापासून माझ्याकडे पोटावर हात ठेवण्याआधी बराच वेळ बोलणे होते. वजन उतरले आहे का, शौचातून रक्त जाते का, रात्री दुखण्याने जाग येते का, डोळे पिवळे झाले होते का, हे विचारल्यावाचून आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडून तपासून आल्यावाचून मी पुढे जात नाही. बेंबीच्या वर नाडी रुंद, पसरट उडताना लागली, तर मुख्य रोहिणी फुगलेली असू शकते. तिथे मी बोटाचे टोकही दाबत नाही. काही सहकारी म्हणतात, की एवढ्या शंकांनी हाताची संवेदना मारली जाते. माझा अनुभव तसा नाही. ज्याच्या आजाराचे नाव ठाऊक आहे, किंवा गंभीर आजार नाही हे तपासलेले आहे, त्याच्या पोटावर माझा हात अधिक शांत असतो.

आणि तरीही मी हे काम सोडलेले नाही. त्याचे कारण सांगायचे तर मला एका बाईंविषयी लिहिले पाहिजे. त्या सेहेचाळीस वर्षांच्या होत्या, अपेंडिक्सची शस्त्रक्रिया एकोणिसाव्या वर्षी झालेली, आणि दोन वर्षांपासून खुर्चीतून उठताना व लांब चालताना उजव्या जांघेत दुखत असे. स्त्रीरोगतज्ज्ञांनी, शल्यचिकित्सकांनी आणि अस्थितज्ज्ञांनी तपासले होते. गंभीर काही नव्हते. व्रण जुन्या पद्धतीचा, चार बोटे लांब, खालच्या टोकाशी खोल गेलेला. मी चिमटीत कातडी उचलून पाहिली, तर वरचे टोक अलगद उचलले जाई आणि खालचे टोक खालच्या थराला धरून बसलेले असे. हात लावू का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "लावा. मी स्वतः कधी लावत नाही. आंघोळीलासुद्धा तिथून साबण पटकन फिरवून हात काढून घेते." सत्तावीस वर्षे त्या शरीराच्या एका कोपऱ्याला वळसा घालून जगत होत्या.

पहिल्या खेपेस मी व्रणाच्या भोवती नुसता तळवा ठेवला. दुसऱ्या खेपेस कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूने बोटे सरकवून मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग उच्छ्वासाबरोबर बेंबीकडे उचलून धरला आणि त्याच वेळी त्यांना उजवा पाय अगदी हळू लांब करायला सांगितला, म्हणजे मागचा सोअस स्नायू आतड्याखालून घसरेल. सोबत मांडीचे आणि कमरेचे व्यायाम दिले. चौथ्या खेपेपर्यंत पाय मागे जाण्याचा कोन वाढला होता, हे मी मोजून लिहून ठेवले आहे, आणि जांघेतले दुखणे बरेच उतरले होते. चिकटलेल्या ऊती माझ्या बोटांनी सुटल्या का? मला तसे वाटत नाही. सत्तावीस वर्षांची चिकट हाताने सोडवता येते असा दावा मी करणार नाही. व्यायामाचा गुण असेल. त्या जागेकडून मेंदूला जाणारी धोक्याची सूचना मंदावली असेल. काळाचाही वाटा असेल. शेवटच्या दिवशी त्या टेबलावरून उठण्याआधी स्वतःचा हात व्रणावर ठेवून थोडा वेळ तशाच पडून राहिल्या आणि म्हणाल्या, "आता इथं हात लावला तरी दचकायला होत नाही."

या बदलाला मोजपट्टी कुठली लावायची, हे मी बरेच दिवस शोधते आहे. पायाचा कोन मोजता येतो, चाललेले अंतर मोजता येते. स्वतःच्या पोटाशी सत्तावीस वर्षांनी झालेली ओळख मोजण्याचे साधन माझ्या टेबलाच्या खणात नाही. पण ती झालीच नाही असे म्हणणेही मला अप्रामाणिक वाटते. या उपचारांना जो काही गुण असेल, तो अवयवाच्या लयीपेक्षा या ओळखीत अधिक असावा, असा माझा आजचा अंदाज आहे. माझ्या नोंदवहीत मी आता दोन रकाने ठेवते. एका रकान्यात हाताला जे लागले ते साध्या शब्दांत लिहायचे: घट्ट, मऊ, गरम, दुखरे, श्वासाबरोबर हलते, हलत नाही. दुसऱ्या रकान्यात मी त्याचा लावलेला अर्थ. दुसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो.

गेल्या महिन्यापासून एक तरुण फिजिओथेरपिस्ट माझ्याकडे शिकायला येते. परवा तिने प्रथमच एका रुग्णाच्या उजव्या बरगड्यांखाली हात ठेवला. मी घड्याळाकडे पाहत दोन मिनिटे जाऊ दिली आणि विचारले, "काय लागतंय?"

"श्वास लागतोय, मॅडम. एक कड लागतेय, ती खाली येते आणि वर जाते. आणि माझ्याच बोटांतली नाडी."

"आणखी?"

तिने डोळे मिटून पुन्हा थोडा वेळ घेतला. "आणखी काही नाही. लागायला हवं होतं का?"

मी तिला वही दिली आणि जे सांगितलेस तेवढेच पहिल्या रकान्यात लिही, असे सांगितले.